अर्धी पट्टी

जानेवारी सरत आला की आमच्या फाट्यावरच्या मेडिकलात
ब्राह्मीचं सिरप खोकल्याच्या औषधाच्या पुढे येऊन बसतं.
लेबलवर चष्मेवाला गोरा पोरगा, हातात चषक.
असा पोरगा अख्ख्या सडक अर्जुनी तालुक्यात मी पाहिला नाही.

लांजेवार शेणखताची ट्रॉली खाली करून थेट येतो,
"पोट्ट्याचं गणित सुधरन का जी यानं?"
मी म्हणतो, "झाकण झाकण दे. दोन टाइम. हलवून."
बारावीत गणितातच उडालेला माणूस
आणखी काय सांगणार.

अभ्यासिकेतली रोशनी मडावी रात्री आठला येते.
वनरक्षकाच्या पेपरला एकोणीस दिवस.
झोप न येण्याची गोळी मागते, हळू आवाजात,
जणू दुसरंच काही मागत असावी.
मैत्रिणीनं नागपूरहून आणली होती म्हणे:
"तीन रात्री जागली ते. मंग पेपरात नावच लिवाचं राह्यलं."
मी चिक्की देतो नि सांगतो, झोप.
ती चिक्कीचे पैसे देते. झोपत नाही.

फगणाबाई मालकांगणीचं बी आणते, दुपट्ट्याच्या गाठीत.
शेठ ते किलोच्या भावानं घेतो,
कुठंतरी त्याचं तेल बाटलीत शिरतं
आणि बुद्धीच्या भावानं परत येतं.
तू खातेस का, विचारलं तर हसली.
"मी काहून खाऊ? मले झाड न् झाड याद हाये."

कापगते गुरुजी पाच महिने एकच गोळी नेत होते,
अनुसयाबाईंच्या विसरण्यासाठी,
म्हणजे न विसरण्यासाठी.
भंडाऱ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी घडीवर फाटलेली,
मला तोंडपाठ: रात्री एक, जेवणानंतर.

परवा आले. अर्धी पट्टी काउंटरवर ठेवली.
"परत घेता येईल का रे?"
कापलेली पट्टी परत होत नाही, तसा बोर्डच आहे.
गुरुजींनी बोर्ड वाचला, शुद्धलेखन तपासावं तसा.
मग म्हणाले,
"रोज संध्याकाळी विचारायची, यमी कधी येणार?
मी सांगायचो, धान निंघाल्यावर.
खुश व्हायची. बहिणीचा म्हणून वाटीभर तांदूळ जास्त घ्यायची.
सोमवारी तांदूळ धुता धुता थांबली.
म्हणाली, यमी तर मेली ना हो. आपणच गेलो होतो मातीला.
आणि रडली, बापा, जशी आजच गेली.
मंगळवारी पुन्हा. बुधवारी पुन्हा."

बाहेरून तणसीचा ट्रॅक्टर गेला. बाटल्या थोड्या थरथरल्या.
डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका, मी म्हणालो.
म्हणावंच लागतं.
ते "हो" म्हणाले.
पाच गोळ्यांचे एकाहत्तर रुपये दिले त्यांना.
शेठच्या वहीत नोंद नाही.
पट्टी सिरपच्या मागे सरकवली, तिथंच आहे अजून.

काल बाजार. गुरुजी सायकल धरून उभे,
हँडलला पिशवी, पिशवीत वांगी, लाखोरीची भाजी.
"यमी येणार आहे," माझ्याकडे न बघता म्हणाले.
मी विचारलं, "कधी?"