तिसरा वाटा

बकरीदेआधी पंधरा दिवस
मी माणसांना गळ्यावरून ओळखतो.
पंधरा इंच, साडेपंधरा, सालिमच्या बापाचा सतरा.
निझव्यातले निम्मे दिशदाशे माझ्या टेबलावरून जातात,
गळ्याशी एकेक गोंडा लोंबता,
अत्तरात बुडवायला.

किल्ल्याखाली हबता भरतो, ईदेचा बाजार.
विकणारे बकऱ्याला दोरीने ओढत गोल फिरतात,
घेणारे दात बघतात,
पाठीवर पंजा दाबून चरबी जोखतात.
डोळा शाबूत हवा, पाय लंगडा नको, कान फाटका नको.
खोट असलेलं द्यायचं नाही,
एवढंच बाबा शिकवून गेले.
ते बकऱ्याबद्दल बोलतायत
असं मला लहानपणी वाटायचं.

आमचा बकरा बाणकोटला.
पैसे गेल्या महिन्यातच धाडले.
रुकैयाने फोन फिरवून दाखवला:
पांढरा, कपाळावर करडा ठिपका.
"जास्वंद अख्खी खाल्लंन मेल्यानं.
नाव ठेवू नको म्हटलं पोराला, तरी ठेवलंन."
नाव काय ते सांगितलं नाही तिने.
मीही विचारलं नाही.

ईदेच्या सकाळी उघड्या माळावर नमाज,
डोंगर आधीच तापलेले.
खतीब इब्राहिमांची गोष्ट सांगत होता.
स्वप्न, सुरी, आयत्या वेळी आलेला दुंबा.
अरबी मला निम्मीच कळते,
पण त्याच्या आधीचं पान मला तोंडपाठ आहे:
बाप बायकोला आणि तान्ह्या पोराला
बिनपाण्याच्या खोऱ्यात ठेवतो
आणि मागे न बघता चालू लागतो.
मी बघितलं होतं मागे.
एकदाच, तरीतून.
जेटीवर ती दोघं, आणि पाणी नुसतं वाढतंय.

गावी पडवीत तीन पराती मांडायचे बाबा.
एक घराची, एक सोयऱ्यांची,
एक ज्यांच्या दारात बकरा नाही त्यांची.
तिसरी आधी भरायची,
आणि मांडीचा तुकडा तिच्यातच.
खालच्या आळीत ती घेऊन जायचो मी.
बाबा बजावायचे,
दारात उभं राहून आत बघायचं नाही.

दुसऱ्या दिवशी भुयारातून शुवा निघाला,
रात्रभर निखाऱ्यांत पुरलेला.
दुपारी आमच्या खोलीचं दार वाजलं.
सालिमचा मुहन्नद, नऊ वर्षांचा,
मीच शिवलेला दिशदाशा
(बाहीत दीड इंच दुमडून ठेवलाय, वाढत्या अंगासाठी).
केळीच्या पानातलं पुडकं दोन्ही हातांनी पुढे केलं
आणि स्वतःच्या पायांकडे बघत उभा राहिला.
आत आमचे चार पलंग, दोरीवर बनियनी,
एक शेगडी.
त्याने मान वर केली नाही.

तेव्हा कळलं, मी कुठल्या परातीत आहे.

हात पुढे व्हायला जरा वेळ लागला.
पुडकं अजून गरम होतं.
मोफिजने भात टाकला, बिशन मिरच्या घेऊन आला,
आणि मी सवयीने
मांडीचा तुकडा आधी बाजूला काढला,
खालच्या रखवालदारासाठी.

रात्री पोराचा फोन.
मटण खाल्लं नाही म्हणाला.
वाटा मात्र तोच देऊन आला, खालच्या आळीत, एकटा.
"आत बघितलंस?"
"नाही."
"मग कुठे बघत होतास?"
"पायांकडे," म्हणाला.
"अब्बा, माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय."