दोन सूत खाली

मंगळवारी न्हाणीत काहीतरी पडलं.
"बादली," आतून बाबा म्हणाले.
बादली मी नंतर पाहिली. भरलेली, जागच्या जागी.
साबण मात्र थेट मोरीच्या तोंडाशी,
आणि दोन दिवस बाबा चहाचा कप
डाव्या हातानं उचलत होते.

शुक्रवारी सिद्दप्पा मिस्त्री आला,
पिशवीत ड्रिल, छिन्नी, एक चकचकीत दांडा.
आधी उंबरा फोडला.
वडगावातल्या या घरात
सीमेवरून भांडता भांडता जेवणं गार झालीत,
धाकटे काका तर बोलेनासेच झाले.
ही दोन इंचांची हद्द मात्र
कुणाच्या डोळ्यांवर आली नव्हती.
अर्ध्या तासात गेली. कुणी घोषणा दिली नाही.

"कुंडरी, अज्जा," सिद्दप्पा म्हणाला.
बाबा कपड्यांनिशी स्टुलावर बसले
कोरड्या न्हाणीत, फोटोला बसावं तसे.
"आता एळरी."
उठताना हात आपोआप भिंतीला गेला
आणि तिथं, ऑइलपेंटवर,
पंजाएवढा काळपट डाग आधीच होता.
मी रोज धुणं धुते तिथं.
पेन्सिलीची खूण करावी लागली नाही.

दांडा बाबांनी नखानं वाजवला.
"पोकळ हाय की गा. वर गुळगुळीत.
ओल्या हातानं काय धरू, कपाळ?"
एकतीस वर्षं उद्यमबागेत लेथवर उभा राहिलेला माणूस,
त्याला दांड्याचं कोण सांगणार.
दुसऱ्या दिवशी रिक्षानं जुन्या शॉपात गेले,
संध्याकाळी भरीव सळई काखेत घेऊन आले,
अंगभर बारीक शंकरपाळ्या उठलेल्या.
"नर्लिंग," म्हणाले.
"पोरगं दाब कमी देत होतं. मग मीच हँडल धरलो."
उजव्या हातानं.

"दोन सूत खाली घे."
"साकु अज्जा, सरी ऐती."
"दोन सूत."
दोन सूत खाली घेतला.

कडीवरून मात्र तीन दिवस अबोला.
आतून लावायची नाही, एवढंच मी म्हणाले होते.
शेवटी त्यांनीच ती उतरवली,
स्क्रू औषधाच्या रिकाम्या बाटलीत जपून ठेवले.
तेव्हापासून अंघोळीला पाढे म्हणतात,
पावकी, निमकी, पाऊणकी, मोठ्यानं,
म्हणजे आत माणूस आहे हे कळावं.
अडीचकीला कधी अडखळतात.
मी गॅस बारीक करते,
पुढचा आकडा येईस्तोवर.

बाहेर येतात तेव्हा तळहातावर शंकरपाळ्या उमटलेल्या असतात.
पुसल्या जातात लगेच.

परवा रात्री, झिरोच्या दिव्यात, मीच गेले होते.
उठताना गुडघ्यात कळ आली,
हात भिंतीकडे गेला
आणि दांडा बरोबर तिथंच होता.
तांब्या तेवढा घरंगळला.
"काय गं पडलं?" पलीकडून बाबा.
"बादली," मी म्हणाले.