टोळांनी खाल्लेलं

पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला तो माझ्याकडे, लिंकनला.
खोक्यावर छापलेलं: डुकराची चरबी, विल्बर, नेब्रास्का.
आत चौऱ्याण्णव पानं. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो,
म्हणजे त्यांच्यासाठी लिहिलेले सूर. वाद्यं कधीच विकली गेली.

मेतोदेय झाहाल्का.
आडनावाचा अर्थ चेक भाषेत 'आळस',
असं व्हलास्टाबाई कुबिचेक म्हणाल्या, आणि हसल्या.
त्यांच्या पणजोबांच्या खाटिकखान्यात हिशेब लिहायचा तो.
रविवारी ऑर्गन, सोमवारी पोरांची आखडलेली बोटं,
उरलेल्या दिवशी कुणाच्या तरी कुंपणाचे खांब.
संगीत रात्री,
हिशेबाच्या पाठकोऱ्या पानांवर.
एका पानाच्या मागे अजून वाचता येतं:
नोव्हाचेक, सॉसेज तीन पौंड, उधार.
त्या उधारीतून शाई आरपार झिरपलीय,
पुढच्या अंगाला चेलोचा सगळ्यात खालचा सूर.

मला स्वरलिपी येत नाही. मी कागद वाचते.
लोखंडाची शाई कागद खाते हळूहळू,
जिथे टाक दाबला तिथे जास्त.
त्यामुळे जोर कुठे होता ते मला दिसतं,
उजेडासमोर धरलं की.
बोहेमियातलं गाव पहिल्या भागात आहे म्हणतात, प्लमची झाडं वगैरे.
मला तिथे फक्त एक घाई दिसली.

तिसरा भाग नाचाचा. फुरियांट.
चेलोवाल्या मुलीने टेबलावर वाजवून दाखवला:
दोन, दोन, दोन, तीन, तीन.
मी पेरांवर मोजलं. बारा.
एका हाताची पेरं बरोबर पुरली.
'आमच्याकडे याला एकताल म्हणाले असते,
पण असा लंगडत नाही तो,' मी म्हटलं.
'लंगडत नाही, उडी मारतो,' ती म्हणाली.

आणि तिथेच भोक.
अठराशे चौऱ्याहत्तर, पश्चिमेकडून ढग आला,
आणि ढगाला पाय होते.
मका खाल्ला. कांदे जमिनीतून कोरून खाल्ले,
पडदे, घोड्याचा लगाम, कुदळीची घामट मूठ,
वाळत घातलेल्या झग्यावरचे फक्त हिरवे पट्टे.
खिडकीत वाळत होतं त्याचं पान,
खालचा कोपरा गेला. आधी चेलो, मग व्हायोला,
वर दोन व्हायोलिनं तशीच नाचतायत,
पायाखाली अंगण नाही हे न कळता.

गव्हाची खळ शिजवली, गाळली, थंड केली.
पातळ जपानी कागदाचा तुकडा भोकाहून केसभर मोठा.
भोक बुजवायचं, त्यावर लिहायचं नाही,
आमच्या कामाचा नियम आहे.
ओमाहाहून प्राध्यापक थर्लोंचं पत्र:
चारच आवर्तनं, सहज भरता येतील, मी भरून देतो.
व्हलास्टाबाईंनी ते पत्र
कोलाचेच्या डब्याखाली ठेवलं, तेलकट होईपर्यंत.

मे महिन्यात वाजवलं, सोकोल हॉलमध्ये,
घडीच्या खुर्च्या, मागे फ्रीजची घरघर.
भोक आलं तशी त्या मुलीने गज उचलला
आणि ओठांनी मोजत राहिली.
दोन व्हायोलिनं वर, एकटी.
माझा अंगठा पेरांवरून चालत होता, सात, आठ, नऊ,
बाहेर धान्याच्या कोठाराजवळ मालगाडी शंटिंग करत होती,
ती मध्येच बेताल आदळली.
कुणी हसलं नाही.

एक मात्र मला सुटत नाही.
त्याला ते पाठ असणार. स्वतःचंच होतं.
त्यानंतर बावीस वर्षं जगला तो, चांगला धडधाकट,
शाई होती, टाक होता, पानावर समासही होता.
पुढच्या पानामागे तारीख आहे, टोळधाडीनंतरचा तिसरा दिवस:
कोंबड्यांना टोळांचा वास. गिऱ्हाईक परत पाठवतं.
आणि पुढच्या अंगाला चौथा भाग सुरू, जोरात,
कागद जवळजवळ फाटलाय.
ती चार आवर्तनं मात्र नाही भरली.

व्हलास्टाबाई म्हणतात, आडनावाला जागला.