आटणीची पट्टी

बाबांची पट्टी खोटी आहे.
फुटामागे इंचाचा आठवा भाग जास्त,
मुद्दामच. बीड थंड होताना आटतं,
म्हणून लाकडाचा पॅटर्न आधीच थोडा फुगवून करायचा.
लहानपणी मी तिच्यावर गणितातल्या रेघा मोजल्या
आणि बाईंचा मार खाल्ला.

उद्यमबागेत खाली त्यांचं सागवान, रंधा, लाल-पिवळा रंग.
वर, पत्र्याखाली, माझे दोन संगणक.
"काय करूलीस गं दिवसभर?"
पॅटर्नच, मी म्हणाले.
मी पतसंस्थांचा कोड लिहीत नाही,
कोड लिहिणारा लिहिते.
खातं, कर्ज, व्याज, पासबुक असे सुटे भाग,
एकाची भोकं दुसऱ्याच्या बोल्टांना बसणारी,
आणि वर एक यादी, कुणाला काय हवं त्याची:
खानापूरला पिग्मी, निपाणीला सोनेतारण,
बैलहोंगलला आधी सगळं कन्नडात,
मग जागा उरली तर आपलं.
बटण दाबलं की एक्केचाळीस संस्था ओतून निघतात,
प्रत्येक फाइलीच्या कपाळावर एक ओळ:
हाताने बदलू नये.

जांबोटीहून शेवंता कुऱ्हाडे आली, दोन बस बदलून.
पासबुक माझ्यापुढं उघडून म्हणाली,
"माझ्या ह च्या डोक्यावर हे काय बसवलंय?"
नाव मराठीतून कन्नडात गेलं होतं, तिकडून परत आलं होतं,
आणि येताना र आपली चंद्रकोर विसरून
रफार होऊन ह वर चढला होता.
कुर्हाडे.
कन्नडाचा दोष नाही, तिथं तो नीट बसला होता.
परतीच्या वाटेवरच्या सांध्यात माप चुकलं,
ते माझं.

ईरण्णा म्हणाला, "होगली बिडी, एकच बाई,
पेनानं करून देऊ."
एकच नव्हती.
साच्यातली चूक कधी एकटी नसते,
एक्केचाळीस गावांत सगळे कुऱ्हाडे, सगळे गोऱ्हे
डोक्यावर तेवढंच ओझं घेऊन उभे होते.

खाली एकदा पंपाच्या चाळीस बॉड्यांवर
एकाच जागी फोड आली होती.
पोरं कानशी घेऊन घासायला बसली.
बाबांनी कानशी गोळा केल्या,
फळीवरचा पॅटर्न उतरवला,
त्यावरून अंगठा फिरवला, फिरवला,
एका जागी अंगठा थांबला.

मीही तिथंच गेले. चार ओळी.
बटण.
"आयतु," ईरण्णा म्हणाला.

रात्री नऊला निपाणीहून फोन.
"मॅडम, माझी ओळ गेली."
कसली ओळ?
तिथल्या सुकुमार मगदूमनं, कपाळावरची मनाई वाचून
किंवा न वाचता, हप्त्याच्या फाइलीत हातानं घातलेली:
वखारीतल्या बायकांचा पगार शनिवारी,
म्हणून शुक्रवारच्या हप्त्याला दंड नाही.
दोन वर्षं चालली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं,
त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.
माझ्या बटणानं ती पुसली, इतकी सफाईनं
की कधी नव्हतीच जणू.
शुक्रवार होता.

मी खाली उतरले. बाबा कोअरबॉक्स रंगवत होते.
भांड्यात पोकळी हवी तिथं वाळूचा गाभा ठेवतात,
बीड त्याला वळसा घालून जातं,
नंतर गाभा ठोकून झाडून टाकायचा.
जागा राहते.
"पोकळीचा पण साचा करावा लागतो,"
ते म्हणाले. मला नव्हे, ब्रशला.

आता हप्त्याच्या साच्यात दोन खुणा आहेत,
दोन्हींच्या मधे काही नाही.
इथं हातानं लिहावं,
यंत्र वळसा घालून जाईल.
चाळीस ठिकाणी ती जागा रिकामीच ओतली जाते.
निपाणीत सुकुमारची ओळ आहे,
सोमवारी दंड परत केले.

शेवंताबाईंचं पासबुक पोस्टानं गेलं.
नावाच्या रकान्यात मी
लागतात त्याहून थोडी अक्षरं जास्त ठेवली.
कशाला, ईरण्णा विचारतो.
आटतं, मी म्हणाले.