प्रमाणित प्रत

(ईस्ट लंडन, दक्षिण आफ्रिका. पोलीस ठाण्यासमोरचं झेरॉक्सचं दुकान.)

बस, अयाबुलेला. मशीन तापायला वेळ लागतो,
तोवर ऐक.
मी काही उंटावरून शेळ्या हाकत नाही.
नऊ वर्षं या काचेवर
अख्ख्या मदान्त्सानेची पोरं मी पालथी घातली आहेत.
चेहरा खाली, दिवा सरकतो, पुढचा.

बिघडलेल्या प्रतींच्या पाठीवर मी हिशेब लिहिते.
दुधाचे सत्तर, टोनरचे नऊशे,
आणि कागद उलटला की कुणीतरी
मेहनती, वेळेचा पक्का, चौघांत मिसळणारा.
सगळेच मेहनती आहेत रे.
सगळेच वेळेचे पक्के.
ते शब्द खोड.
लिही, की समुद्रावरून वारा सुटला त्या रात्री
काकाच्या शेडचे पत्रे तू परत बसवलेस.
किती पत्रे, तेही लिही.
आकडा दिसतो माणसाला. गुण दिसत नाहीत.

आणि ही दोन वर्षांची मोकळी जागा,
तिथे नुसती रेघ मारू नकोस.
वडिलांच्या गोळ्या, दवाखान्यातली पहाटे चारची रांग,
त्यांना घातलेल्या अंघोळी,
लिही सगळं.
कुणी हसलं तर ती कचेरी तुझी नव्हतीच.
(मी म्हणते खरं. तुझं भाडं मला भरायचं नाही.)

शिक्का तीन महिने चालतो.
एका वेळी दहाच्या वर प्रती काढू नकोस,
धंदा माझा बुडतो तरी सांगते.
कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी
पाकिटं घेतो, खोक्यात टाकतो, वर बघत नाही.
त्याचं नाव विचार.
पुढच्या खेपेला नावाने हाक मार.
याला वशिला म्हणत नाहीत. ओळख म्हणतात.

गणवेशाचे पाचशे रँड आधी भरा म्हणणारा
कितीही टाय लावून येवो, चोर.
मझुकिसीने भरले.
आईच्या दफनाच्या भिशीतले होते ते.

जागा निघाल्याचं कळलं तर मित्राला सांगावं का,
असं विचारत होतास मघाशी.
झोलेकाने तिघींना सांगितलं.
त्या तिघींतलीच एक लागली.
झोलेका अजून येते इथे.
तिच्या प्रती मी फुकट काढते.
याहून बरं उत्तर नाही माझ्याकडे.

तुझ्या नावाचा अर्थ, ते आभारी आहेत.
आणि नकाराचं प्रत्येक पत्रही तिथूनच सुरू होतं,
आपल्या अर्जाबद्दल आम्ही आभारी आहोत...
हसलास!
हसतोस तेव्हा खांदे खाली येतात तुझे.
मुलाखतीला हेच खांदे घेऊन जा.
कोट माझ्या भावाचा ने. परवा आण, इस्त्री करून.

काय म्हणालास?
इथे?
माझ्याकडे?

थांब, कागद अडकलाय.

नाही, बाळा.
या काचेवर एकच चूल पेटते, तीही महिनाअखेरीला फुंकावी लागते.
बघ, मीही म्हटलंच शेवटी.
तुझ्या नन्नाच्या पाढ्यात आणखी एक ओळ.
पण तुझ्याकडे बघून म्हटलं,
आणि म्हणताना हात मशीनमध्ये घातले,
ते कागद अडकला म्हणून नव्हे.

घे, सहा प्रती. नऊ रँड.
नऊच, मोजत बसू नकोस.
समोर रांग वाढायच्या आत जा,
शिक्क्याचा साहेब साडेदहाला चहाला उठतो
आणि त्याचा चहा लांबतो.

आणि हे पेन ठेव.
तिथलं साखळीला बांधलेलं असतं,
कधीच उमटत नाही.