फेरफार क्रमांक ४१२

गट नंबर एकशे सात. पांझरेच्या काठाला,
चौदा हेक्टर तीन आर, पैकी पोटखराबा बराच.
गाव अजून म्हणतं, साहेबना मया.

मी तलाठी म्हणून आलो तेव्हा
दप्तरात पहिली नोंद मोडीतली:
कापसाच्या साहेबाला, नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने.
साल वाळवीने खाल्लेलं.
साहेबाचं नाव तेवढं सोडलेलं,
तिला आवडलं नसावं.

त्याने काळ्या दगडाचं घर बांधलं, बावीस खिडक्यांचं,
छप्पर असं उतरतं
की बर्फ घसरून पडावं.
आमच्याकडे वैशाखात कौलावर पापड भाजतो.
पुढे त्याला हिरवळ हवी होती.
त्याच्या देशात ती न मागता उगवते म्हणे.
मग पाट वळवला,
आणि तिसऱ्या फडाची पाळी
गवत पिऊ लागलं.

पाटकरी होता दोधू.
रोज रात्री वळणावरचा एक दगड काढायचा,
पहाटे जागच्या जागी बसवायचा.
सहा वर्षं.
साहेब माळ्यावर खेकसत राहिला,
बोटीने बी मागवत राहिला,
गवत पिवळं ते पिवळंच,
आणि तिसऱ्या फडात ऊस माणूसभर.

हे दप्तरात नाही.
दोधूची पणती यमुनाबाई
वारसनोंदीला आली होती, तिने सांगितलं,
चहा नको नको म्हणत दोन कप पीत.

पुढचं सगळं कागदावर आहे:
पट्टा एका जिनिंगवाल्या शेटकडे,
नाचाच्या दालनात रुईच्या गाठी,
एका रात्री आग,
मग सरकार जमा,
मग गुरांचा दवाखाना, तोही बंद.
साहेबाच्या कुत्र्याचा दगड शिल्लक आहे,
इंग्रजी अक्षरांत चुना भरलेला.
पोळ्याला बैल तिथे थांबवतात.
का, ते कुणालाच ठाऊक नाही,
पण थांबवतात.

आता सौर कंपनीला जागा हवी.
उतारा मीच लिहिला.
‘इतर हक्क’ या रकान्यात
पेन्सिलने एक ओळ घातली:
रात्रीचं पाणी, तिसरा फड, दोधू पाटकरी.

मंडळ अधिकाऱ्यांनी हसून खोडरबर मागितला.
बरोबरच आहे त्यांचं.
फक्त मी पेन्सिल जरा दाबून धरतो, जुनी सवय.
कागद उजेडात तिरका धरला
तर पाट दिसतो.