बावीस

त्या पहाटे टेकडीवरच्या तंबूवस्तीत उणे छत्तीस होतं.
आईची जुनी टोयोटा तिसऱ्या दिवशीही नुसती खोकत होती.
मागे पोत्यांत दुधाच्या थाळ्या,
वाडग्यांत गोठवून काढलेल्या, पांढऱ्या, दगडासारख्या.
त्यांना थंडीचं काहीच नव्हतं,
थंडी होती म्हणून तर त्या होत्या.
उलानबातरचा बाजार मात्र खाली, सहा किलोमीटरवर.

एनेबिश आला. त्याच्या नावाचा अर्थ 'हा नव्हे'.
आधीची दोन भावंडं गेली, म्हणून आईबापांनी
मृत्यूला चकवायला ठेवलेलं नाव:
दाराशी आलाच तर सांगायचं,
तू शोधतोयस तो हा नव्हे.
मेकॅनिकला शोभतं, तो म्हणायचा,
माझा निम्मा धंदा एवढंच सांगण्याचा.

बॉनेट उघडून त्याने एका काळ्या डबीचं झाकण
नखाने उचकटलं,
तारेचा वाकवलेला तुकडा दोन भोकांत खोचला.
आईला म्हणाला, चावी फिरव, स्टार्टर मारू नकोस.
आणि मला: तुझे डोळे कोवळे आहेत. मोज.

मी अकरा वर्षांचा.
काचेवर श्वास गोठू नये म्हणून मफलर दातांत धरून
स्टिअरिंगमागच्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहिलो.
लुक. लुक.

लुक. लुक.
मग बराच वेळ काहीच नाही.
'चार!' मी ओरडलो.
'चार कुठले? मधली शांतता कुठे सांडलीस?'
पुन्हा मोजलं. दोन, आणि दोन. बावीस.
'अजून एकदा. एकदा मोजलेलं ऐकीव असतं.'

बावीस म्हणजे इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर.
त्याच्याकडून निरोप येत नाही.
'आणि निरोप आला नाही,' एनेबिश म्हणाला,
'तर हिचा कॉम्प्युटर घाबरत नाही, विचारत बसत नाही,
सरळ धरून चालतो, ऐंशी अंश.
इंजिन तापलेलं आहे, सगळं ठीक आहे,
मग जास्तीचं पेट्रोल कशाला देईल तो?
बर्फात बसलीय आणि समजतेय की आपण कढत आहोत.'
आई थर्मासचं झाकण लावत होती.
ते तिला तीनदा लावावं लागलं.

बाबा कोरियात, बोटी रंगवायच्या कामावर.
शेवटचा फोन सप्टेंबरात.
कोणी विचारलं की आई म्हणायची,
मजेत आहेत. तिकडे ऊब असते.

एनेबिशच्या खिशात एक सेन्सर होता,
कुठल्याशा मेलेल्या गाडीतून काढलेला.
त्याने तो तळहातावर तोलला, परत ठेवला.
कोड गल्ली सांगतो, घर नाही, असं म्हणत
हातमोजे काढून वायरीवरून बोट नेत गेला.
बॅटरीमागे उंदराचं घरटं:
बकरीचे केस, बडीशेपेएवढ्या लेंड्या,
आणि कुरतडलेली वायर.
दोन टोकं सोलून पिळली. चिकटपट्टी त्याने
कोटाच्या आत, पोटाशी धरून आणली होती,
गारठली तर चिकटत नाही.

मग झालेलं विसरायला लावायचं. त्याने फ्यूज उपसला.
'एरवी दहा सेकंद पुरतात. पण जितकी थंडी जास्त,
तितका विसरायला वेळ जास्त.'
मी आपणहून शंभरापर्यंत मोजलं.
शहरावर कोळशाचा धूर आडवा पसरला होता.
कोणी काही बोललं नाही.

गाडी दुसऱ्या झटक्याला लागली.
दिवा पेटला, विझला, विझलेलाच राहिला.
एनेबिशने पैशांऐवजी दुधाच्या चार थाळ्या घेतल्या
आणि काखेत मारून तो उतारावरून चालत गेला.

बाजारात पहिलं गिऱ्हाईक म्हातारी खोर्लो,
दोन थाळ्या एकमेकींवर आपटून
आवाज ऐकल्याशिवाय न घेणारी.
'काय गं दुल्मा, नवरा बरा आहे ना?'
आईने हातातल्या नोटा मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
'माहीत नाही,' ती म्हणाली.
'सप्टेंबरपासून काही कळलेलं नाही.'

आणि मफलर नाकापर्यंत ओढून घेतला,
आत्ताच थंडी वाजू लागल्यासारखा.